चामड्याच्या जॅकेटच्या निमित्ताने स्कॉटलंड : गॅलाशील्सभोवती सहलीची आखणी

पायवाट, पुणे

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये पत्नीसह स्कॉटलंडला जाण्याचे ठरत आहे. बहुतेक जण एडिनबरा, लॉख नेस आणि स्काय बेट डोळ्यांसमोर ठेवून आखणी करतात. आमच्या सहलीचे केंद्र मात्र गॅलाशील्स हे दक्षिणेकडील बॉर्डर्स भागातले छोटे गाव आहे. एअरो लेदर ही चामडी जॅकेटे बनवणारी कंपनी तेथे आहे. १९३० ते १९५० च्या दशकांतील जॅकेटांच्या धर्तीवर, घोड्याच्या जाड कातड्याची जॅकेटे ते मागणीप्रमाणे शिवून देतात. त्यांच्या 'हायवेमन' या नमुन्यावर माझे मन अनेक वर्षांपासून जडलेले आहे. संकेतस्थळावरून मापे पाठवून ते मागवता येईल हे मला ठाऊक आहे. परंतु आयुष्यभर वापरायची वस्तू असेल तर ती जेथे बनते तेथे जावे, कातडे हातात घेऊन पाहावे, अंगात घालून पाहावे आणि मगच ठरवावे, असे मनापासून वाटते.

माझ्यापुढचे प्रश्न असे. ही भेट सहलीच्या सुरुवातीला ठेवावी की शेवटी? जॅकेट त्याच दिवशी हाती पडण्याची अपेक्षा धरावी का? पत्नीला चामड्यात रस नाही, पण हातमाग आणि भरतकामाची तिला उत्तम जाण आहे. तिच्या दृष्टीने त्या भागात मुक्काम करण्याजोगे काही आहे का? आणि शेवटचा प्रश्न पुण्याच्या पावसाळ्याचा, कारण इतके महाग चामडे येथे आणून त्याला बुरशी लागू द्यायची नाही.

ट्वीडकाठ, एडिनबरा

पायवाट, आपला बेत वाचून आनंद झाला. बॉर्डर्सकडे आपली माणसे फारशी फिरकत नाहीत, ती उत्तरेची वाट धरतात.

आधी प्रवासाचे सांगतो. एडिनबराच्या वेव्हर्ली स्थानकावरून ट्वीडबँकला जाणारी गाडी साधारण दर अर्ध्या तासाने असते आणि गॅलाशील्स हे तिचे शेवटून दुसरे स्थानक आहे. तासाभराच्या आत आपण तेथे पोहोचता. हा लोहमार्ग १९६९ मध्ये बंद करण्यात आला होता. बॉर्डर्समधील लोकांनी तो परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, आणि २०१५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा ट्वीडबँकपर्यंतचा भाग पुन्हा सुरू झाला. गोरब्रिज मागे पडल्यावर गाडी गाला वॉटर या छोट्या नदीच्या खोऱ्यात उतरते आणि ती नदी पुन्हा पुन्हा ओलांडत जाते. त्या पट्ट्यात खिडकीजवळची जागा सोडू नये. गाडीची वेळ जुळली नाही तर एक्स-९५ ही बस एडिनबराहून गॅलाशील्स, सेलकर्क, हॉइक असे करत पुढे कार्लाइलपर्यंत जाते. गॅलाशील्सचे बसस्थानक रेल्वे स्थानकाच्या समोरच आहे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. कारखान्याची भेट सहलीच्या सुरुवातीलाच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. मागणीप्रमाणे शिवले जाणारे जॅकेट त्याच दिवशी मिळत नाही. मापे, कातडे, अस्तर, चेन, खिसे हे सारे ठरल्यानंतर आपला क्रमांक लागतो आणि मग ते शिवले जाते. त्यामुळे ही भेट खरेदीची नसून मापाची आणि निवडीची आहे असे समजून आखणी करावी. ती सुरुवातीला ठेवली, तर निर्णय त्याच बैठकीत घ्यावा लागत नाही. मनात शंका राहिली तर दोन दिवस त्याच भागात हिंडून, विचार करून पुन्हा जाता येते. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी गेलेला माणूस घाईत मान डोलावून येतो आणि नंतर बाही अर्धा इंच आखूड वाटली तरी तिच्याशी जुळवून घेतो.

जाण्यापूर्वी त्यांना लिहून वार आणि वेळ ठरवून घ्यावी, आणि ती भेट कामाच्या दिवशीच असावी. हे कारखान्याचे ठिकाण आहे, दिवसभर उघडे असणारे दुकान नव्हे. आपली उंची, छाती, वजन आणि कोणते नमुने अंगात घालून पाहायचे आहेत हे आधी कळवले, तर ती मापे बाजूला काढून ठेवणे त्यांनाही सोयीचे होते. जूनमध्ये जाणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहावी. बॉर्डर्समधल्या गावागावांत त्या महिन्यात घोडेस्वारांच्या पारंपरिक शिवफेऱ्या निघतात. गॅलाशील्सचा 'ब्रॉ लॅड्स गॅदरिंग' हा उत्सव १९३० पासून चालत आला आहे आणि तो जूनच्या अखेरीस असतो. त्या दिवशी गावात कामकाज होईल अशी अपेक्षा धरू नये. उत्सव मात्र अवश्य पाहावा. शेकडो घोडे टापा वाजवत ट्वीड नदीच्या पाण्यातून पार होतात.

जुनी विमाने, नाशिक

या कंपनीच्या नावामागचा इतिहास येथे सांगणे योग्य ठरेल, कारण आपण काय पाहायला जात आहोत हे त्यातून स्पष्ट होते. मूळची एअरो लेदर क्लोदिंग कंपनी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील बीकन या गावी होती आणि दुसऱ्या महायुद्धात तिने अमेरिकी वायुदलासाठी ए-२ जॅकेटे शिवली. स्कॉटलंडमधील कंपनी बरीच नंतरची. तिने ते जुने नाव पुढे चालवले आहे.

ए-२ हा नमुना अमेरिकी सैन्याने १९३१ मध्ये स्वीकारला. कमरेपर्यंतची लांबी, मनगटाला आणि कमरेला विणलेली लोकरी पट्टी, बटणाने खाली दाबून बसवता येणारी कॉलर आणि झाकण असलेले दोन खिसे अशी त्याची ठेवण आहे. त्या खिशांत बाजूने हात घालता येत नाहीत, कारण वैमानिकाने खिशात हात घालून उभे राहणे सैन्याला मान्य नव्हते. बहुतेक ए-२ घोड्याच्या कातड्याची होती. त्या काळी अमेरिकेत शेतीतून आणि वाहतुकीतून बाद झालेल्या घोड्यांची कातडी मुबलक मिळत असे. १९४३ मध्ये सेनापती हॅप अरनॉल्ड यांनी चामडी जॅकेटांच्या नव्या मागण्या थांबवून कापडी जॅकेटांना प्राधान्य दिले, आणि ए-२ चे उत्पादन आटोपले.

पायवाट, आपल्याला 'हायवेमन' आवडते हे खरे, तरी तेथे गेल्यावर एकदा ए-२ अंगात घालून पाहावेच. त्याचा खांदा आणि छाती इतकी आटोपशीर असते की आपल्याला नेमके किती सैल जॅकेट हवे आहे, याचा अंदाज चटकन येतो.

पंचगंगा, कोल्हापूर

आमच्या घरात चपलांचा व्यवसाय आहे, त्यामुळे चामड्याविषयी दोन शब्द लिहितो.

कोल्हापुरीसाठी कातडे कमावण्याची आमची जुनी रीत अशी की कातडे पिशवीसारखे शिवून त्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचा काढा भरतात आणि ती पिशवी टांगून ठेवतात. काढा झिरपत राहतो, पुन्हा ओतला जातो, आणि कातडे आतून पक्के होत जाते. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे सुरुवातीला ताठ असते, पण वापरणाऱ्याच्या पायाचा आकार धरते आणि उन्हाने, घामाने, तेलाने त्याचा रंग गडद होत जातो. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कातडे लवकर तयार होते आणि पहिल्यापासून मऊ असते, पण त्याच्या अंगावर वय तसे दिसत नाही.

आपण ज्या जॅकेटांविषयी लिहीत आहात त्यांत शिकागोच्या हॉरवीन या १९०५ साली सुरू झालेल्या, कातडी कमावण्याच्या कारखान्याचे 'क्रोमएक्सेल' कातडे वापरले जाते. त्यात या दोन्ही पद्धती एकत्र आणलेल्या असतात आणि वर गरम तेले व चरबी कातड्यात मुरवलेली असते. ते हातात घेतल्यावर अंगठ्याने मागून दाबून पाहावे: दाबलेल्या जागी तेल बाजूला सरकते आणि रंग क्षणभर फिका होतो, सोडल्यावर परत येतो. काळे कातडे निवडणार असाल तर त्याची कापलेली कड पाहावी. गाभा तपकिरी असेल, तर कोपर, खिशाचे तोंड आणि कॉलरची कड काही वर्षांनी झिजून तपकिरी दिसू लागेल. कोणाला ते फार आवडते, कोणाला जॅकेट जुने झाल्यासारखे वाटते. आपण कोणत्या बाजूचे हे तेथे उभे राहून ठरवावे.

'पुढच्या भागाचे कातडे' असा उल्लेख आपण संकेतस्थळावर वाचला असेल. घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्यात एक अत्यंत घट्ट थर असतो, ज्यापासून कॉर्डोव्हन नावाचे बुटांचे चामडे होते. जॅकेटासाठी खांद्याकडचा पुढचा भाग वापरतात. त्यावर शिरा, ओरखडे आणि दाण्यांतील फरक दिसणारच. ते दोष नव्हेत. दोन्ही बाह्या अगदी एकसारख्या दिसाव्यात असा आग्रह धरणाऱ्याने घोड्याचे कातडे घेऊ नये.

भटकंती, ठाणे

मी थोडे वेगळे मत मांडते. एवढा व्हिसा काढून आणि एवढे भाडे भरून स्कॉटलंडला जायचे आणि पश्चिमेकडचे डोंगर, ग्लेन्को, स्काय बेट पाहायचे नाही, हे मला पटत नाही. जॅकेटासाठी एडिनबराहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल. उरलेले सगळे दिवस उत्तरेला द्यावेत.

ट्वीडकाठ, एडिनबरा

भटकंती ताई, ग्लेन्कोच्या सौंदर्याविषयी दुमत नाही. मात्र एडिनबराहून स्कायला रस्त्याने जाण्यातच पाच तासांहून अधिक वेळ जातो. आठ-दहा दिवसांच्या सहलीत गॅलाशील्स, एडिनबरा आणि स्काय असे तिन्ही कोंबले, की निम्मी सहल गाडीत जाते. शिवाय जूनमध्ये पश्चिमेकडे 'मिजेस' या चावऱ्या चिलटांचे थवे उठतात; वारा पडलेल्या संध्याकाळी तळ्याकाठी उभे राहणेही कठीण होते. बॉर्डर्समध्ये तो त्रास नगण्य आहे. ज्यांच्या सहलीला असे एक नेमके कारण आहे, त्यांनी त्या कारणाभोवतीचा प्रदेश नीट पाहावा, असे मला वाटते.

आणि तेथे पाहण्याजोगे कमी नाही. सर वॉल्टर स्कॉट यांनी १८११ मध्ये ट्वीडकाठी शेत विकत घेऊन उभारलेले अ‍ॅबट्सफर्ड हे घर ट्वीडबँक स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथून मेलरोझ जवळच. बाराव्या शतकातल्या मठाचे लालसर दगडाचे अवशेष गावाच्या मध्यातच उभे आहेत आणि रॉबर्ट द ब्रूस या राजाचे हृदय तेथे पुरलेले आहे असे मानले जाते. गावामागे आयल्डन टेकड्यांची तीन शिखरे आहेत. त्यांवर चढायला सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाला काहीच कष्ट पडणार नाहीत, आणि वरून ट्वीडचे सारे खोरे दिसते.

पायवाट, आपल्यासाठी खास एक गोष्ट. या टेकड्यांच्या पायथ्याशी न्यूस्टेड येथे ट्रायमाँटियम नावाची रोमन छावणी होती. १९०५ ते १९१० या काळात मेलरोझचे वकील जेम्स कर्ल यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा जुन्या विहिरी आणि खड्ड्यांतील ओल्या मातीत रोमन सैनिकांच्या चामडी वस्तू टिकून राहिलेल्या सापडल्या. त्यांत घोड्याच्या तोंडावर बांधायचे चामड्याचे संरक्षक आवरण आहे, त्यावर धातूच्या खिळ्यांची नक्षी आहे. ते एडिनबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहायला मिळते आणि तेथे प्रवेश विनामूल्य आहे. मेलरोझमध्येही ट्रायमाँटियमचे छोटे संग्रहालय आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या चामड्यावर टाके घातल्याची भोके अजून मोजता येतात. जॅकेटाची शिवण निरखून आल्यानंतर ती भोके पाहावीत; टाक्यांमधले अंतर इतके सारखे राखणारा हात कसा असेल हे तेव्हा कळते.

सुईदोरा, डोंबिवली

वहिनींसाठी मी लिहिते. त्यांचे मन गॅलाशील्समध्ये आपल्यापेक्षाही जास्त रमेल, याची मला खात्री आहे.

'ग्रेट टेपेस्ट्री ऑफ स्कॉटलंड' हे काम २०२१ पासून गॅलाशील्समध्ये स्वतंत्र इमारतीत मांडलेले आहे. एकूण १६० चौकटी आहेत आणि स्कॉटलंडच्या आरंभापासून आजपर्यंतचा इतिहास त्यांवर उतरवला आहे. रेखाटने अँड्र्यू क्रमी या चित्रकाराची आहेत. टाके घालणाऱ्या व्यक्ती हजाराहून अधिक होत्या आणि त्या देशभर विखुरलेल्या होत्या. हे काम मागावर विणलेले नाही, लिनेनच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्याने भरलेले आहे. भरतकाम करणाऱ्याने तेथे घाई करू नये. एकाच आकाशासाठी वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळे टाके वापरले आहेत, आणि जवळ जाऊन पाहिले की प्रत्येक गटाचा हात वेगळा ओळखू येतो. पाण्याच्या लाटा, मेंढ्यांची लोकर आणि माणसांचे केस कोणत्या टाक्याने भरले आहेत, हे पाहण्यातच अर्धा दिवस सहज जातो.

हे सारे गॅलाशील्समध्येच का, याचेही कारण आहे. गाला वॉटर आणि ट्वीड यांच्या पाण्यावर या गावात लोकरीच्या गिरण्या चालल्या आणि गाव त्यांवरच वाढले. आज बहुतेक गिरण्या बंद आहेत, पण हेरियट-वॅट विद्यापीठाचे वस्त्रविद्येचे शिक्षण अजून याच गावात दिले जाते. शेजारच्या हॉइकमध्ये काश्मिरी लोकरीचे विणकाम चालते आणि तेथे या उद्योगाचे संग्रहालयही आहे. सेलकर्कला टार्टन, म्हणजे चौकड्यांचे स्कॉटिश लोकरी कापड, विणणारी लॉकॅरन ही गिरणी आहे. आत पाहण्याची सोय आहे का ते आधी विचारून जावे. ज्या गावाला कापड कापण्याची आणि शिवण्याची इतकी जुनी सवय आहे, तेथे जॅकेटांचा कारखाना असणे मला अगदी स्वाभाविक वाटते.

एक सुचवते. जॅकेटाचे अस्तर निवडताना वहिनींना सोबत न्यावे. सुती ड्रिल घ्यावे की लोकरी टार्टन, हा प्रश्न कापड ओळखणाऱ्या व्यक्तीने सोडवलेला बरा. पुण्यात वापरायचे असेल तर माझे मत सुतीच्या बाजूने पडेल. बाह्यांना मात्र गुळगुळीत अस्तर हवे, नाहीतर आतल्या सदऱ्याची बाही प्रत्येक वेळी वर सरकते.

हिशेबनीस, मुंबई

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. स्कॉटलंडसाठी ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो, शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मुंबईप्रमाणे पुण्यातही अर्ज स्वीकारला जातो. जूनच्या प्रवासासाठी मार्चमध्येच कागदपत्रे तयार ठेवावीत.

कराविषयी अनेकांचा गैरसमज असतो. पर्यटकांना विमानतळावर व्हॅट परत मिळण्याची सोय इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली आहे. दुकानातून वस्तू हातात घेतली, तर २० टक्के व्हॅट भरावाच लागतो आणि तो परत मिळत नाही. विक्रेत्याने वस्तू थेट भारतातील पत्त्यावर पाठवली, तर तो व्हॅट न आकारता ती पाठवू शकतो. मात्र मग येथे आल्यावर आयात शुल्क आणि कर आपल्याला भरावे लागतात. कोणता मार्ग परवडेल ते मागणी नोंदवण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावे, आणि मापासाठीच्या पत्रव्यवहारातच कंपनीला पाठवणीचा खर्च विचारून ठेवावा. कोणी नातेवाईक ब्रिटनमध्ये असेल आणि त्यांच्याकडे जॅकेट पाठवून नंतर सामानातून आणायचे असेल, तर परतणाऱ्या प्रवाशासाठी शुल्कमाफीची त्या वेळी लागू असलेली मर्यादा सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी.

पायवाट, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. सुईदोरा ताईंचा प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवला आणि आता गॅलाशील्सचा मुक्काम वाढवण्याचा आग्रह तिच्याकडूनच होत आहे.

यावरून असे ठरते आहे. एडिनबराला उतरल्यावर एक रात्र विश्रांती, दुसऱ्या दिवशी गाडीने गॅलाशील्स, आणि तेथे किंवा मेलरोझला मुक्काम. कारखान्याची भेट मंगळवारी किंवा बुधवारी, म्हणजे पुन्हा जावे लागले तर त्याच आठवड्यात जाता येईल. नंतर मठ, टेकड्या, अ‍ॅबट्सफर्ड आणि हॉइक. शेवटचे दिवस एडिनबरात, राष्ट्रीय संग्रहालयासाठी. उत्तरेकडचा प्रदेश पुढच्या वेळेसाठी राखून ठेवतो. भटकंती ताई, तेव्हा आपला सल्ला नक्की घेईन.

मापांविषयी आणि पावसाळ्याविषयी कोणी लिहील का?

ट्वीडकाठ, एडिनबरा

मापांचे मी सांगतो. आपल्याला उत्तम बसणारे एखादे जॅकेट सपाट टेबलावर पसरून, चेन लावून, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, बाहीची लांबी आणि कॉलरखालून पाठीची लांबी अशी मापे इंचांत घेऊन न्यावीत. ते जॅकेट सोबत नेले तर फारच उत्तम. अंगाच्या छातीच्या मापापेक्षा जॅकेटाचा घेर चार ते सहा इंच अधिक असावा. आत स्वेटर घालणार की केवळ सदरा, हे पहिल्यांदा ठरवावे, आणि भेटीच्या दिवशी तोच कपडा अंगावर असावा. पुण्याच्या थंडीत स्वेटर आणि घोड्याचे कातडे हे दोन्ही कधीच एकत्र लागणार नाही, म्हणून आपण चारच्या जवळ राहावे.

बाहीच्या बाबतीत सावध राहावे. जाड कातड्याला काही महिन्यांत कोपराच्या आतल्या बाजूला पक्क्या वळ्या पडतात आणि बाही साधारण अर्धा ते एक इंच वर चढते. नवे असताना बाही मनगटाच्या हाडाच्या थोडी खाली आली पाहिजे. अंगात घातल्यावर केवळ आरशासमोर ताठ उभे राहू नये. खुर्चीत बसावे, दोन्ही हात पुढे करून गाडीचे चाक धरल्यासारखे करावे, वाकून बुटाची नाडी बांधून पाहावी. नवे कातडे करकरते आणि अडते, तो त्याचा स्वभावच आहे. पाठ ताणली जाऊन काखेत रुतत असेल, तर मात्र माप चुकले आहे, आणि घोड्याचे कातडे सैल होऊन ते सुधारेल अशी आशा धरू नये.

पंचगंगा, कोल्हापूर

पावसाळ्याचे मी लिहितो. कोल्हापुरात पाऊस पुण्याहून जास्त, त्यामुळे हा आमचा नेहमीचा प्रश्न आहे.

जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नये. बुरशी लागण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. रुंद खांद्याच्या लाकडी हँगरला लावून, वर जुन्या सुती साडीचा किंवा चादरीचा सैल अभ्रा घालावा, आणि ज्या कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला लागून आहे त्यात ते ठेवू नये. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बाहेर काढून पंख्याच्या वाऱ्यात टांगावे. उन्हात वाळवू नये, कारण तेल वर येऊन कातडे कडक होते. पांढरी बुरशी दिसलीच, तर जॅकेट घराबाहेर नेऊन कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, मग किंचित ओलसर फडके फिरवून सावलीत पूर्ण वाळू द्यावे. शिवणीच्या आत आणि कॉलरच्या खाली नीट पाहावे, कारण ती तेथे दडून राहते. हॉरवीनच्या कातड्यात तेल भरपूर मुरवलेले असते, म्हणून पहिली काही वर्षे वरून तेल किंवा मेण लावण्याची गरज पडत नाही. अधूनमधून घोड्याच्या केसांच्या ब्रशने झटकले तरी पुरते.

पायवाट, पुणे

कंपनीला पत्र लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न उरला आहे. कातड्याचा नमुना आधी टपालाने मागवून पाहावा का, की तेथे जाऊनच पाहावे?

पंचगंगा, कोल्हापूर

शक्य असेल तर आधी मागवावा. हाताएवढा तुकडा मिळाला तरी रंग, जाडी आणि कड दिसते. तो तुकडा या पावसाळ्यात आपल्याच कपाटात ठेवावा आणि सप्टेंबरमध्ये त्याचे काय झाले ते येथे लिहावे. जॅकेट शिवून येईपर्यंत ते कोठे ठेवायचे, हे आपल्याला कळलेले असेल.

पायवाट, पुणे

उत्तम. पत्र आजच लिहितो, आणि तुकडा आला की त्याची छायाचित्रे याच धाग्यावर टाकतो.